कृपया रेट बिघडवू नका

एका रात्री मी ६४ रुपये वाचवले. त्यासाठी मला २३६ रुपये खर्च करावे लागले.

झालं असं की विरजण लावायला घरात दही नव्हतं. दह्याचा डबा ३५ रुपयांचा. तो अ‍ॅपवर टाकला तर खाली पट्टी आली, आणखी १६४ रुपयांची खरेदी करा आणि मोफत डिलिव्हरी मिळवा. पस्तीस रुपयांच्या दह्याला तीस रुपये डिलिव्हरी कोण देणार? मग चिप्स टाकले, एक चॉकलेट टाकलं, फरशी पुसायचं लिक्विड टाकलं (घरात अर्धी बाटली शिल्लक आहे), आणि कसल्याशा बिया टाकल्या ज्या 'हेल्दी' असतात. दहा मिनिटांत दारावर पिशवी आली. स्क्रीनवर रंगीत कागदांचे तुकडे उडाले आणि हिरव्या अक्षरांत लिहून आलं, अभिनंदन, तुम्ही ६४ रुपये वाचवलेत! तीस डिलिव्हरीचे आणि चौतीस कसल्याशा सवलतीचे. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला खरंच बरं वाटलं.

विरजणाला चमचाभर दही लागतं. समोरच्या दारात मागता आलं असतं. त्या दारामागे गेली तीन वर्षं एक कुटुंब राहतंय आणि मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं.

हे मी दह्यासाठी लिहीत नाहीये. त्याच दिवशी सकाळी आमच्याकडे भांडी आणि केर-लादी करणाऱ्या मावशींनी पगार वाढवून मागितला होता. १८०० चे २०००. दीड वर्षातली पहिली मागणी. त्यांनी ती भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता, नळ चालू असताना केली, म्हणजे मला ऐकू आलं नाही असं मला म्हणता यावं. मी म्हटलं, "बघतो." दुपारी टॉवरच्या ग्रुपवर निरोप आला. भाडेकरू असलो तरी ग्रुपवर आहे मी. निरोप असा होता: "सर्वांना नम्र विनंती. कामवाल्या बायका रेट वाढवून मागत आहेत. टू बीएचकेसाठी भांडी आणि केर-लादी १८०० हा आपल्या टॉवरचा रेट आहे. कृपया कोणीही परस्पर जास्त पैसे देऊन रेट बिघडवू नका. आपण सगळ्यांनी एक राहायचं आहे."

त्याखाली ४३ अंगठे. त्यातला एक माझा.

रात्री त्या ६४ रुपयांच्या अभिनंदनानंतर झोप येईना, म्हणून ऑर्डरींची यादी वर सरकवत बसलो. गेल्या महिन्यात २२ ऑर्डरी. प्रत्येकीत 'हँडलिंग चार्ज' नावाचे दहा रुपये. पिशवी हाताळल्याबद्दल. एकूण २२० रुपये. म्हणजे माझ्या घरातली भांडी रोज हाताळणाऱ्या बाईला जी वाढ द्यायला मी "बघतो" म्हणालो, तिच्यापेक्षा वीस रुपये जास्त मी न बघताच देऊन टाकले होते. आणि त्या दहा रुपयांबद्दल ४३ सोडा, एकाही घराने ग्रुपवर कधी चकार शब्द काढला नव्हता. पाण्याच्या टँकरवरून, पार्किंगवरून, कुत्र्यांवरून, गणपतीच्या वर्गणीवरून आमच्याकडे महाभारतं झालीत. हँडलिंग चार्जवर शांतता.

माझं भांडण या शांततेशी आहे.

पैसे वाचवण्याबद्दल आजकाल जो तो बोलतो. रील उघडा, एखादा हसरा मुलगा महिन्याला पाच हजार वाचवायच्या सात युक्त्या सांगत असतो. कूपन असं लावा, कार्ड हे वापरा, कार्टमध्ये वस्तू टाकून दोन दिवस विसरा म्हणजे ते स्वतःच सवलत पाठवतात. काही युक्त्या चालतातही. पण या सगळ्या युक्त्यांमध्ये माणूस एकटा असतो. तो, त्याचा फोन आणि समोर एक कंपनी, जिच्याकडे त्याच्या प्रत्येक खरेदीची नोंद आहे, तो रात्री किती वाजता भुकेला होतो हेही जिला ठाऊक आहे. या कुस्तीत आपण कूपन घेऊन उतरतो आणि चौतीस रुपये जिंकून येतो. आखाडा त्यांचा, पंच त्यांचा, आणि ढोल वाजवणाराही त्यांचाच.

एक साधं उदाहरण घेऊ. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो, पातळ होत जातो फक्त पुडा. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यावर विनोदही करून झालेत. फारसं माहीत नसलेली गोष्ट अशी की, बिस्किटं, चहा, कॉफी, साबण, खाद्यतेल अशा कितीतरी वस्तू पूर्वी ठरवून दिलेल्या वजनांच्याच पाकिटांत विकण्याचा नियम होता. वैधमापन म्हणजे वजनमापांच्या नियमांत त्याचं परिशिष्टच होतं. २०२२ मध्ये ते काढून टाकलं. आता पाकीट ८५ ग्रॅमचं करा की ११३ ग्रॅमचं, तुमची मर्जी. त्याच्या बदल्यात ग्राहकाला काय दिलं, तर पाकिटावर 'प्रतिग्रॅम' किंवा 'प्रतिकिलो' किंमत छापायची सक्ती. कागदावर हे उत्तम आहे. आता दुकानात जाऊन बघा. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर किंमत ग्रॅमला छापलेली, किलोपेक्षा जास्त वजनाच्या पाकिटावर किलोला. एकावर ०.२७ रुपये, दुसऱ्यावर २५५ रुपये. कुठलं स्वस्त? (दुसरं. पहिलं किलोला २७० पडतं.) हे गणित चौथीतलं आहे हे कबूल, पण ते मुंगीच्या अक्षरात, पाकिटाच्या शिवणीजवळ, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात पिशवी असताना करायचं असतं. तरीही करा. अख्ख्या पाकिटावर तुमच्या कामाचा तेवढाच एक आकडा आहे. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं ही समजूत तर पहिल्याच दिवशी मोडेल.

अ‍ॅपवरच्या लबाड्यांसाठीही नियम आहेत. केंद्र सरकारने २०२३ साली 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार नावानिशी दिलेत. न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसडणं, खोटी घाई करणं, शेवटच्या पानावर हळूच आकार वाढवणं, सगळं आहे त्यात. मी ती तेरा नावं वाचली तेव्हा ओळखीच्या माणसांची जन्मठिकाणं वाचल्यासारखं वाटलं. नियम आहेत, तक्रारीसाठी १९१५ हा फोन नंबरही आहे. पण दहा रुपयांसाठी तक्रार कोण करणार? एकट्या माणसाच्या दहा रुपयांना काही किंमत नसते. कंपनीला मात्र लाखो लोकांचे दहा रुपये एकत्र करता येतात. हिशेब एवढाच आहे. ते एकत्र करून घेतात, आपण सुटे सुटे देतो.

आणि आपण मराठी माणसांनी तरी हे विसरावं? आपल्या भाषेत 'बचत' म्हटलं की पुढचा शब्द आपोआप 'गट' येतो. भिशी एकट्याने लागत नाही. आपली बेगमीसुद्धा, म्हणजे उन्हाळ्यात वर्षभराचे गहू-तांदूळ-मिरची भरून ठेवणं, हे वाड्यात नाहीतर चाळीत चार घरांनी मिळून करायचं काम होतं. पापड तर एकटीने लाटलेले कुणी पाहिलेत?

१९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत 'अपना बाजार' सुरू झालं, ते ग्राहकांच्या सहकारी संस्थेचं दुकान म्हणून. पुढे १९७२. दुष्काळ, टंचाई, तेल-साखर-रवा-रॉकेल यांचे भाव भडकलेले. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते, एरवी एकमेकींच्या पक्षांशी भांडणाऱ्या बायका एका मंचावर आल्या आणि त्यांच्यामागे हजारो गृहिणी आल्या. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या, मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना घेराव पडले. लाटणं मोर्चाचे फोटो आज आपल्याला गमतीदार वाटतात. जरा नीट बघा. त्या बायकाही पैसेच वाचवत होत्या. तेल कमी कसं वापरावं याच्या सात युक्त्या त्यांना पाठ होत्या, आजच्या कुठल्याही रीलवाल्यापेक्षा जास्त. तरी त्या रस्त्यावर आल्या, कारण घरातल्या घरात जेवढं चिमटायचं तेवढं चिमटून झालं होतं आणि उरलेला प्रश्न स्वयंपाकघरात सुटणारा नव्हता.

१९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली. हिच्याबद्दल मी ऐकीव बोलत नाही, मी तिच्या तांदळावर वाढलोय. डोंबिवलीत आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधली मिळून बारा घरं, हा आमचा संघ. महिन्याची यादी आधी भरायची, मग सगळ्यांची एकत्र मागणी जायची, पंचायत घाऊक माल घेणार आणि ठरलेल्या दिवशी टेम्पो येणार. वाटप पाळीपाळीने एकेकीच्या घरी. त्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. रवा, पोहे, डाळी, साबण, शेंगदाणे. आई हातात यादी घेऊन नावं पुकारायची आणि आम्ही पोरं जिन्यावरून पिशव्या पोचवायचो. कुणाच्या घरी किती साखर जाते हे आम्हाला माहीत असायचं, आणि कुणाच्या यादीतून या महिन्यात काजू गेले हेही. दुसरी गोष्ट कळली की कुणीतरी काही न बोलता त्या घरी डबा पाठवायचं.

हे सगळं आठवून गहिवर आला म्हणून मी परवा आईला फोन केला. म्हटलं, किती छान होतं ना ते. आई म्हणाली, "तुला छान वाटणारच. गोण्या तू उचलल्या नाहीस. तुझे बाबा एकदा तरी आले होते का वाटपाला? बारा घरांतला एक तरी पुरुष? रविवार आमचा जायचा. दुपारी दोनला वाटप संपायचं आणि मग घरी येऊन सगळ्यांचं जेवण करायचं." मग जरा थांबून म्हणाली, "पण हो, मजा यायची."

मला हे वाक्य गिळून पुढे जायचं होतं, लेख सोपा झाला असता. पण तसं करून चालणार नाही. आपल्या घरांतली काटकसर म्हणजे बहुतेक वेळा कुणातरी बाईचा वेळ असतो, ज्याची किंमत लावलेली नसते. आईने वाचवलेल्या प्रत्येक रुपयात तिचा अर्धा तास होता. जुन्या कपड्यांच्या पिशव्या, सायीचं तूप, शिळ्या पोळीचा कुस्करा, याला आपण संस्कार म्हटलं आणि मोकळे झालो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. हे ८८ सुद्धा फक्त जे पुरुष काहीतरी करतात त्यांचे. जे काहीच करत नाहीत ते या सरासरीत नाहीतच.

आमच्या पिढीच्या घरात बायकोही कामाला जाते, म्हणून तो वेळ आता आम्ही विकत घेतो. दोन माणसांकडून. एक मावशी आणि दुसरा तो पिशवीवाला मुलगा. दोघांकडून शक्य तितक्या स्वस्तात. २०२५ साली मुंबईत एका अ‍ॅपने पंधरा मिनिटांत कामवाली पाठवायची सोय काढली, सुरुवातीचा भाव तासाला ४९ रुपये. नावात आधी 'मेड' होतं, टीका झाल्यावर तिथे 'हेल्प' आलं. आमच्या ग्रुपवर ती जाहिरात फिरली तेव्हा खाली प्रतिक्रिया होती, "आता यांचा माज उतरेल." यांचा म्हणजे मावशींचा. ४९ रुपये हा गिऱ्हाईक पकडायचा गळ आहे, तो भाव काही राहणार नाही, एवढं कळायला अर्थशास्त्र लागत नाही. रिक्षा-टॅक्सीच्या अ‍ॅपवर आपण हा खेळ पाहिला आहे. आधी स्वस्त, मग सवय, मग पाऊस पडला की दुप्पट. तरी आपण खूश झालो, कारण गळाला आधी मावशी लागणार होत्या.

आणि म्हणून ते "आपण सगळ्यांनी एक राहायचं आहे" मला डाचत राहिलं. आपल्याला एकी जमत नाही असं नाही. पाच मिनिटांत ४३ घरांची एकी झाली. चार कंपन्यांनी मिळून असा भाव बांधला असता तर त्याला कार्टेल म्हणतात आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली दंड होतो. आम्ही केलं तर ती नम्र विनंती. ज्याच्यापुढे एकत्र यायला हवं त्याच्यापुढे आपण एकेकटे, फोनमध्ये मान घालून. आणि जिच्याकडे कुठलंच अ‍ॅप नाही, वकील नाही, पगारी सुट्टी नाही, तिच्यापुढे अख्खा टॉवर एकजूट. लाटणं आपण फेकून दिलं नाही, त्याची दिशा बदलली.

कुणी म्हणेल, मग काय, दोनशे रुपये दे आणि गप बस, लेख कशाला पाडतोस. दिले. दुसऱ्या दिवशी दिले. मावशी "बरं" म्हणाल्या आणि कामाला लागल्या, सिनेमात होतं तसं काही झालं नाही. मग मी ग्रुपवर लिहिलं की मी दोन हजार देतोय आणि माझा अंगठा मागे घेतोय. त्यावर दोन तास कुणी काही बोललं नाही. मग सातव्या मजल्यावरच्या एका काकांनी लिहिलं, "ज्यांना परवडतं त्यांनी जरूर दानधर्म करावा, पण इतरांचा विचार करावा." या काकांना मी टोमणा मारणार होतो. पण त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नाही. निवृत्त माणूस, ठरलेली पेन्शन, मेंटेनन्स दर वर्षी वाढतो, औषधं वाढतात, डाळ वाढते. त्यांना कुठेतरी कात्री लावायची आहे आणि औषधाच्या कंपनीशी घासाघीस करता येत नाही. वीजबिलाशी येत नाही. मॉलमध्ये एमआरपी छापलेली. सगळीकडे भाव ठरलेले, फक्त दोन माणसांचे भाव सैल, भाजीवाली आणि कामवाली. मग सगळी कात्री तिथेच चालते. काकांवर राग काढून उपयोग नाही, काकांच्या हातात दुसरं काही द्यायला हवं.

म्हणून मी ग्रुपवर दुसरं काहीतरी टाकलं. वाशीच्या बाजारातून कोलम तांदूळ एकत्र आणायचा का? हसणारे चेहरे आले. मग हळूहळू नऊ घरं झाली. प्रत्येकी वीस किलो, एकूण १८० किलो. काका पहिल्या तिघांत. निघाले ते धान्याच्या व्यापारात चाळीस वर्षं काढलेले, मुठीत चार दाणे घेऊन तांदूळ जुना की नवा सांगणारे. टेम्पोचे ९०० रुपये वजा जाता किलोमागे ९ रुपये वाचले. घरटी १८०. जग बदलण्यासारखी रक्कम नाही हे मलाही कळतं. एका गोणीला भोक होतं, लिफ्टमध्ये तांदूळ सांडला, त्यावरून वॉचमनचं आणि एका मेंबरचं वाजलं. एका घराला ऐनवेळी तांदूळ 'जाड' वाटला. एकीने मागाहून फक्त पाच किलो हवा म्हटलं. कूपन लावणं याच्यापेक्षा दहापट सोपं आहे. पण वाटप आमच्या घरी झालं, आणि या वेळी गोण्या पुरुषांनी उचलल्या. त्यात कौतुक काही नाही, आईने फोनवर तशी अटच घातली होती.

समोरच्या दारावरच्या कुटुंबाचं आडनाव आता मला माहीत आहे. त्यांच्याकडे विरजण नेहमी असतं.

घरातल्या कामांबद्दलही असंच एक शिकलो, ते जाता जाता सांगतो. बाथरूमचा नळ गळत होता. अ‍ॅपवरून प्लंबर बोलावला की नुसत्या येण्याचेही पैसे लागतात. काका म्हणाले, वायसर गेला असेल. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पान्याने नळाचं डोकं उघडायचं, जुना वायसर काढून हार्डवेअरच्या दुकानात दाखवायचा, तसाच नवा आणून बसवायचा. दहा-वीस रुपयांचं काम. नवीन पद्धतीच्या सिरॅमिक डिस्कच्या नळाला वायसर नसतो, तिथे आतलं अख्खं स्पिंडल बदलावं लागतं, तेही जमण्यासारखं आहे. मला दोन तास लागले आणि अंगावर पाणी उडालं. अशी बचत मला मान्य आहे, कारण तिच्यात वेळ माझा गेला. इलेक्ट्रिकच्या कामाला मात्र हात लावू नका, तिथे मिस्त्रीला पूर्ण पैसे द्या. आणि भांडी? रात्रीची भांडी आता मी घासतो. रीलमध्ये ही युक्ती कुणी सांगत नाही. नवऱ्याने रोज वीस मिनिटं ओट्याजवळ उभं राहणं, शून्य रुपये, कूपन लागत नाही.

मावशींचं काम त्यामुळे थोडं कमी झालं. पगार तोच ठेवलाय. बायको म्हणाली, हे तू लेखात लिहिणार असशील तर आधी चार महिने टिकवून दाखव. बरोबर आहे तिचं. आज एकोणतिसावा दिवस आहे.

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ आणि हक्काची सुट्टी मागत शेकडो बायका रस्त्यावर आल्या आणि त्यातून संघटना उभी राहिली. शिक्षण नाही, फोन नाही, प्रत्येकीचा मालक वेगळा, प्रत्येकीचं स्वयंपाकघर वेगळं, तरी जमवलं त्यांनी. या कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा राज्यात यायला २००८ साल उजाडलं. या संपाबद्दल मी एका संध्याकाळी मावशींना सांगितलं, जरा शिकवणीच्या सुरात, खोटं कशाला बोलू. त्या फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, "हो का?" एवढंच. मला वाटलं, विषय पोचला नाही.

परवा सकाळी त्यांनी फोन पुढे केला. तुमच्यावाल्या ग्रुपसारखा आमचा पण आहे, म्हणाल्या. तिन्ही टॉवरमधल्या सत्तावीस जणी. बऱ्याच जणींना टाइप करता येत नाही, म्हणून सगळे निरोप आवाजात. त्यांनी एक लावून ऐकवला. कुणा तरुण बाईचा आवाज, मागे लोकल ट्रेनची घोषणा. दिवाळीपासून भांडी आणि केर-लादी बावीसशे, महिन्याला दोन सुट्ट्या पगारी, आणि कुणीही यापेक्षा कमी पैशांत काम धरायचं नाही. शेवटी ती म्हणते, आपण सगळ्यांनी एक राहायचं.

"तुमचे पण बावीसशे होणार बरं का," मावशी म्हणाल्या. या वेळी नळ बंद होता.

काल ते टॉवरच्या ग्रुपवर पोचलं. सातव्या मजल्यावरचे काका विचारतायत, "यांनी युनियन केली की काय?" खाली अजून एकही अंगठा नाही. मी टाइप करायला घेतलंय, पण बायको म्हणतेय आधी खाली जा, टेम्पोवाला आलाय, या वेळी तूरडाळ आहे.